मना, मना आणि मना: दोन स्नाउथ, एक झिपऱ्या (कामाची नोंद)

मागच्या खेपेला लिहिलं होतं की आता वर्षभर बाहुल्यांसाठी फरच्या कापडाला हात लावणार नाही. लावला. दोष शाळेच्या ग्रुपचा.

झालं असं, की आमच्या दोहावाल्याने रात्री साडेअकराला एक व्हिडिओ टाकला. दोन गुलाबी नळीतोंडे प्राणी (याच त्या स्नाउथ) आणि मध्ये एक नारिंगी झिपऱ्यांचा इसम. तो दोनदा काहीतरी म्हणतो, त्या दोघी एका सुरात उत्तर देतात, मग तो भान विसरून भलतीकडेच गात सुटतो आणि त्या त्याच्याकडे नुसत्या बघतात. खाली प्रश्न: "ही भाषा कुठली?" आपल्यातल्या बहुतेकांनी ओळखलं असेल. जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमातलं, मपेट शोच्या पहिल्या हंगामातलं, १९७६ सालचं 'माहना माहना' हे गाणं. मी ते लिहिणारच होते, पण तेवढ्यात धुळेकराने तोंड उघडलं.

"मना मना म्हणतोय ना भो. म्हणजे माझं, माझं. अहिराणी आहे सरळ."

नागपूरकराला ते पटेना. "मना करून राहिल्या ना त्या दोघी त्याला! गायला मना आहे. चेहरे पाहा त्यांचे."

मग आमचे मास्तर. ते शाळेतही मास्तरच होते, म्हणजे आमच्याच वर्गात बसायचे, पण शिकवायचे सगळ्यांना. त्यांचं म्हणणं, रामदासांनी २०५ श्लोकांत मनाला समजावलं, इथे हा बापडा हाक मारून थांबतो, पुढचं विसरलाय. आणि लगेच शंका: रामदासांच्या भुजंगप्रयात वृत्तात य गण लागतो, ल-गा-गा (लघु-गुरु-गुरु). हे तर नुसतं लगा-लगा. "म्हणजे वृत्त प्रमाणिका. तीही अर्धीच."

पहाटे दोनपर्यंत हे चाललं. सकाळी उठले तर डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात मी हे बाहुल्यांवर करून दाखवणार, असं परस्पर ठरलं होतं. मी झोपेत होते, म्हणून हरकत कुणाची नव्हती.

फोम आणि बुबुळं

स्नाउथ हे नाव 'स्नाउट' (लांब नाक) आणि 'माउथ' (तोंड) या दोन इंग्रजी शब्दांच्या सांध्यातून आलेलं आहे आणि बाहुलीही तशीच आहे. नाकाचंच तोंड. म्हणून नेहमीचा पुठ्ठ्याचा जबडा इथे चालणार नाही हे पहिल्या कटिंगलाच कळलं. गादीवाल्याकडून अर्धा इंची फोम आणला, शंकूसारखा गुंडाळून शिवला (चिकटवला नाही, कारण पुढे येतंय) आणि ओठांसाठी बागेच्या पिवळ्या पाइपचा तुकडा वाकवून कडं केलं. कडं आतून बोटांनी दाबलं की तोंड लांबट होतं, सोडलं की परत गोल. एवढीच हालचाल. पुरते.

आता चिकटवण्याबद्दल. डोळ्यांना थर्माकोलचे गोळे घेतले आणि चामड्याला लावतात ते सोल्युशन लावलं. दहा मिनिटांत एका स्नाउथचा डोळा आत गेला, बशीत साबण विरघळावा तसा. हे मला माहीत होतं! सॉल्व्हंट थर्माकोल खातो, हे मीच इथे दोनदा लिहिलंय. ग्रुपवर फोटो टाकला तर नागपूरकर म्हणाला, "तिलाही मना केलं होतं वाटते." शेवटी टेबल टेनिसचे चेंडू अर्धे कापले आणि सुईदोऱ्याने टाचले.

बुबुळांवर मात्र अख्खा रविवार गेला. सरळ मधोमध लावली तर बाहुली कुठेच बघत नाही, दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसते. दोन्ही बुबुळं नाकाकडे किंचित सरकवली की ती बघायला लागते. हेन्सन यांच्याकडचे बाहुलीकार डॉन सालिन डोळे आणि नाक यांच्या त्रिकोणाला फार जपत, ते का, हे दोन मिलिमीटर सरकवल्यावर पटतं. मी काळ्या कापडाचे ठिपके टाचणीने लावून, लांब जाऊन, परत येऊन हलवत बसले. घरात तीन फेऱ्यांनंतर कुणी चहा विचारेना.

मूळ सापडलं

मधल्या काळात दोहावाल्याला भाषेचा छडा लावायचाच होता. त्याच्या ऑफिसातल्या एका इटालियन माणसाला त्याने ऐकवलं. तो म्हणाला, अमेरिकन आहे. झालं, वाद पुन्हा पेटला. मग मी माहिती टाकली.

चाल इटालियनच. संगीतकार पिएरो उमिलियानी यांनी १९६८ मध्ये स्वीडनवरच्या एका इटालियन चित्रपटासाठी केलेली. दृश्य बाष्पस्नानाच्या खोलीतलं आणि चित्रपट पोराबाळांना घेऊन बघण्यातला नाही. गाणारे अलेसांद्रो अलेसांद्रोनी आणि त्यांची पत्नी. अलेसांद्रोनी म्हणजे संगीतकार मोरिकोने यांच्या संगीतात, त्या घोडे-धूळ-पिस्तूलवाल्या इटालियन वेस्टर्नमध्ये, जी शीळ ऐकू येते ती त्यांची. पुढे नोव्हेंबर १९६९ मध्ये जिम हेन्सन यांनी हीच चाल आधी 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात आणि त्याच आठवड्यात एड सलिव्हन यांच्या टीव्हीवरच्या मनोरंजन कार्यक्रमात बाहुल्यांना दिली. मपेट शोमध्ये आल्यावर १९७७ साली उमिलियानींची मूळ तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेली.

आणि भाषा? कुठलीच नाही. शब्दांना अर्थ नाही.

ग्रुपवर बराच वेळ शांतता. मग मास्तर: "म्हणजे बाष्पस्नानातून थेट बालवाडीत?" आणि धुळेकर: "अर्थ नाही तर मग माझा अर्थ का चालत नाही?"

हा प्रश्न मला तालमीत नडला.

तालीम

अर्थ नसलेल्या गाण्यात बाहुलीने करायचं काय? मी तिघांचे तिन्ही अर्थ करून पाहिले. धुळेकराचा 'माझं माझं': झिपऱ्या हात पसरून मंच बळकावतो. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा तो नुसता हावरट वाटतो. मास्तरांचा कीर्तनकार: मान डोलते, हात वर जातो, पण मग स्नाउथ टाळकरी होतात आणि टाळकरी बुवांकडे अशा रोखून बघत नाहीत. नागपूरकराचा सगळ्यात जवळचा निघाला. फक्त त्या मना करतात तेव्हा हलायचं नाही. मी सुरुवातीला नकारार्थी मान हलवत होते, तिथेच सगळं फसत होतं. न हलता बघायचं, गाणं थांबलेलं असताना, दोन मात्रा जास्तच. मग झिपऱ्याला आपोआप लाज वाटते. मला काही करावं लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे दोन स्नाउथना दोन माणसं दिली होती, मी आणि भाची. सूर जुळायचा, नजर नाही. एक आधी वळायची, दुसरी मागून. मपेट शोमध्ये दोन्ही स्नाउथ एकट्या बाहुलीकार फ्रँक ऑझ यांच्या दोन हातांवर होत्या आणि झिपऱ्या हेन्सन यांच्या. आता मीही दोन्ही हातांत दोघी घेतल्या आहेत. एकाच खांद्यातून वळण निघतं, त्यामुळे माना बरोबर फिरतात. डावा हात तिसऱ्या मिनिटाला खाली यायला लागतो, म्हणून रोज भिंतीला कोपर टेकून सराव. गाणं अडीच मिनिटांच्या आसपासचं आहे ते नशीब.

ज्यांना मोबाइलवर बघून सराव करायचाय त्यांच्यासाठी: सेल्फी कॅमेरा समोर आरसा दाखवतो, चित्रण मात्र उलटं निघू शकतं. मी चार दिवस झिपऱ्या ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला स्नाउथना डोळे वटारायला शिकवत होते.

सध्या कुठवर

दोन्ही स्नाउथ तयार. एकीचा डोळा किंचित मोठा आहे, राहू देणार. झिपऱ्याचं डोकं झालं, नारिंगी लोकर अर्धीच ओवली आहे, त्यामुळे तो सध्या आमच्या पीटीच्या सरांसारखा दिसतो. आवाज दोहावाल्याचा. त्याने गाडीत बसून ध्वनिमुद्रण पाठवलं, त्यात भान विसरून गाण्याचा तुकडा येतो तिथे मागून कुणीतरी हॉर्न दिलाय. अगदी सुरात. ठेवला.

धुळेकराची अट आहे की मधल्या मोकळ्या तुकड्यात अहिराणीतून चार ओळी हव्यात. नाही म्हणून सांगितलंय. त्याने मास्तरांकडे अपील केलंय.

पुढच्या रविवारी हिरवा झगा. फर सव्वा मीटर आणलं, झग्याला पाऊण पुरेल. उरलेल्याचं काय करायचं ते ग्रुपवर विचारणार नाही.