फॉरमॅट न मारता : आमची वाटचाल

आमच्या कॉम्प्युटर रिपेरीच्या दुकानाच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, माझ्या छातीइतकी. वरची २०१९ ची, तिला हात लावायला स्टूल घ्यावं लागतं. नवीन गिऱ्हाईक आधी रेघांकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि काउंटरवर ठेवलेला आपला लॅपटॉप हळूच जवळ ओढून घेतं. सांगलीकर असेल तर कशाच्या रेघा म्हणून विचारत नाही.

२००४ साली आम्ही दोघांनी मिळून मारुती चौकाजवळ गाळा घेतला. भांडवल म्हणजे दोन स्क्रू ड्रायव्हर सेट, एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग गन आणि धूळ उडवायचा ब्लोअर. तो काळ असेंबल मशीनचा, म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड, रॅम आणायचे आणि रातराणीने मांडीवर खोकं ठेवून परत यायचं. भागीदाराचं नाव लिहीत नाही, गावात ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. हात त्याचा माझ्यापेक्षा स्वच्छ होता, हे मी आजही कबूल करतो. डीसी जॅक, म्हणजे चार्जरची पिन जाते तो सॉकेट, त्याने बसवला तर कंपनीतून आल्यासारखा दिसायचा. पुढच्याच वर्षी पूर आला, तेव्हा आमच्याकडे बुडण्यासारखं होतं काय? तीन कॅबिनेट आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पाणी उतरल्यावर ऑइलपेंटने खालची रेघ त्यानेच मारली. "याच्यावर पाणी येत नसतंय आता," म्हणाला.

भांडण फॉरमॅटवरून झालं, म्हणजे ड्राईव्ह कोरा करून विंडोज नव्याने टाकण्यावरून. या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मशीन स्लो आहे? फॉरमॅट. पेनड्राईव्हमधून शॉर्टकट व्हायरस आला? फॉरमॅट. प्रिंटर दिसत नाही? तरी फॉरमॅट. अर्ध्या तासात विंडोज टाकायचं, तीनशे रुपये घ्यायचे, पुढचं मशीन ओढायचं. त्याचं म्हणणं, लोकांना चालू मशीन पाहिजे, कारण नको. माझं म्हणणं, कारण शोधलं नाही तर तेच मशीन महिन्याने परत येतं, आणि तोवर बिचाऱ्याचा डाटा गेलेला असतो. तो म्हणायचा, परत आलं तर चांगलंच की.

२०११ च्या मे महिन्यात एका फोटो स्टुडिओचा लॅपटॉप आला. विंडोज लोगोपर्यंत जायचं आणि निळी स्क्रीन. मी बँकेत गेलो होतो. येऊन बघतो तर आमच्या भागीदारांनी सी ड्राईव्ह साफ करून नवीन विंडोज टाकलेलं, बिल फाडलेलं. आता आपल्याकडं निम्मं जग सगळं डेस्कटॉपवर ठेवतं, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राईव्हच, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. यांना माहीत होतं. चार लग्नांचे फोटो डेस्कटॉपवर होते. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी केव्हाच रिकामी झालेली.

मी हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि फोटोरेक चालवलं. पुसलेल्या फाइली परत काढणारं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, दिसायला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण भल्याभल्या विकतच्यांना मागं टाकतं. एक गोष्ट मात्र ते देत नाही : नावं. अकरा हजार फोटो निघाले, सगळ्यांना नुसते आकडे. जिथं नवीन विंडोज बसलं होतं तिथले काही वरून नवरी, खालून राखाडी. फोटोच्या पोटात तारीख असते, तिच्यावरून लावायला घेतले, तर दोन लग्नं एकाच मुहूर्ताची! मग कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून वेगळे केले, कारण त्या दिवशी स्टुडिओचे दोघे दोन वेगवेगळे कॅमेरे घेऊन गेले होते. तरी एका लग्नातला मामा दुसऱ्या लग्नाच्या पंगतीत गेलाच. तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी भागीदार म्हणाला, "तीनशेच्या कामाला तीन रात्री. असा धंदा करायचा असेल तर तू कर."

मी केला. दिवाळीत हिशेब मिटवला. तो विश्रामबागला पहिल्या मजल्यावर गेला, जाताना दुकानात कामाला असलेली आमची दोन्ही पोरं घेऊन गेला. 'अर्ध्या तासात लॅपटॉप ओके' असा बोर्ड लावला आणि रांग लागली. मला गावात 'डॉक्टर' म्हणायला त्यानेच शिकवलं, आणि ते कौतुकानं नव्हतं.

२०१२ ते २०१९ मध्ये सांगण्यासारखं विशेष नाही. चिपा काढायला-बसवायला हॉट एअर आलं, बीजीए मशीन आलं, बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, चिपमध्ये लिहायचा प्रोग्रामर आला, मुलगी शाळेत जायला लागली.

पण शेठबद्दल लिहायला हवं. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. पहिल्यांदा आले ते सौद्याच्या दिवसांत, लॅपटॉप दर वीस मिनिटांनी बंद पडतो म्हणून. विश्रामबागेत दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. मी खालचं झाकण उघडलं. पंखा आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, यांच्यामध्ये धुळीचा थर असतो, तो सगळ्यांच्यात असतो, करडा, फेल्टसारखा. शेठच्या मशीनमध्ये तो पिवळाधमक होता. चिमट्याने अख्खी पट्टी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. वास घेतला आणि म्हणाले, "राजापुरी हाय." नवीन थर्मल पेस्ट लावली, पंखा धुतला, दीडशे रुपये घेतले. तेव्हापासून दर मार्चला सफाईला मशीन येतं, आणि घरी वर्षाची हळद येते. सांगायचं कारण, पिठाची गिरणी असो, बेदाण्याचं शेड असो नाहीतर सलून, धूळ प्रत्येक धंद्याची वेगळी असते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणाऱ्यांनीही ऐकावं. खालची हवेची जाळी झाकली की मशीन तापणारच, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर थंड करत नाही.

शेठना मी एकच सवय लावली. दर शनिवारी टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, अख्खा डाटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा आणि ती डिस्क अडतीत नाही, घरी कपाटात ठेवायची. पहिली दोन वर्षं शिव्या घातल्या.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. पाणी चढतंय म्हटल्यावर मी रिपेरीला आलेली सगळी मशीन वरच्या फळीवर चढवली. त्रेचाळीस लॅपटॉप. फळी २००५ च्या रेघेच्या बरोबर दोन फूट वर, मुद्दाम मापून ठोकलेली. कुलूप लावून निवांत घरी गेलो. अख्ख्या गावाने हेच केलं, त्या जुन्या रेघेवर विश्वास ठेवला. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. फळीच्याही दीड फूट वर.

आठवडाभर शटरपर्यंत पोचता आलं नाही. उघडलं तेव्हा फळीवर लॅपटॉप जागच्या जागी होते, नीट एकावर एक, आणि प्रत्येकात गाळ. कीबोर्डच्या खाचांत बोट घातलं की लोण्यासारखा लागायचा.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण पुन्हा कुणावर वेळ येईल. पाण्याने बोर्ड मरत नाही, पाण्यात करंट गेल्याने मरतो. म्हणून चालतंय का बघू म्हणून बटण दाबायचं नाही. आधी बॅटरी सोडवायची. आणि गाळात गेलेली हार्डडिस्क हेअर ड्रायरने वाळवायची नाही. तिला हवेचं बारीक छिद्र असतं, गाळ आत गेलेला असला तर तो प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर, सुकतो, आणि डिस्क फिरली की वाचणारं हेड त्यावर घासतं. तांदळाच्या डब्यात मोबाईल पुरणाऱ्यांना काय बोलावं? तांदूळ तरी खायला ठेवा.

बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने, मग आयपीएने, म्हणजे ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रश मारून धुतले. गंज चढलेल्या चिपा काढून त्यांच्याखालचे सांध्याचे पॅड साफ केले. डिस्कचं सर्किट जळलं होतं तिथं तसंच दुसरं सर्किट शोधलं. पण नुसतं बदलून भागत नाही, जुन्या सर्किटवरची आठ पायांची रॉम चिप नव्यावर उचलून बसवावी लागते, नाहीतर डिस्क स्वतःलाच ओळखत नाही. पाहिजे होतं ते अल्ट्रासॉनिक क्लीनर, आवाजाच्या लहरींनी बोर्ड धुणारं यंत्र, आणि माझं तर पाण्यात गेलेलं. गावात दुसरं एकाच ठिकाणी होतं, विश्रामबागेत भागीदाराकडं.

मी फोन केला नाही. कुणी सांगितलं माहीत नाही, पण एका सकाळी त्याचा पोरगा ॲक्टिव्हावर क्लीनर घेऊन आला, काही न बोलता ठेवून गेला. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी. एकोणीस दिवस वापरलं, पुसून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पावती आली : क्लीनर भाडं, १९ दिवस, दर ५००, एकूण ९,५००. मी दिले. पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तेवढ्यावर गप्प बसला असता तरी चाललं असतं. 'तिथं ठेवलेली मशीन बुडाली, डाटा गेला' हे विश्रामबागेत प्रत्येक येणाऱ्याला सांगितलं गेलं. खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्रेचाळीसपैकी एकतीस मशीन उठली. बारा मेली, त्यातल्या नऊंचा डाटा निघाला. तिघांचं काहीच हाती लागलं नाही. एकाचा पीएचडीचा मजकूर होता. त्याला मी नवीन लॅपटॉप घेऊन दिला, पण लॅपटॉपने काय होतंय. पतसंस्थेत बायकोचे दागिने ठेवले. दुकान बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं.

शेठचं मशीनही मेलेल्या बारात होतं. आले, स्टुलावर बसले. "मशीन गेलं ते जाऊ दे. वहीचं काय?"

"वही तुमच्याच घरी कपाटात हाय, शेठ. शनिवारची."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग अडतीसाठी सहा नवीन मशीनची ऑर्डर दिली, पूर्ण पैसे आगाऊ, त्याच दिवशी. यार्डातल्या बाकीच्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, दिवाळीपर्यंत प्रत्येक जण बाहेरची डिस्क मागायला येत होता.

लॉकडाऊनने आम्हाला उलट तारलं. ऑनलाइन शाळेचे टॅबलेट यायला लागले. 'चार्जिंग होत नाही' म्हणून आलेल्या दहातल्या चारांत पोर्टमध्ये दप्तरातला कापूस असायचा, मशीन बंद करून लाकडी टूथपिकने निघतो. मी त्याचे पैसे घेत नाही. आणि स्क्रीन एका बाजूने उचलल्यासारखी दिसली तर ती दाबून बसवू नका, आत बॅटरी फुगलेली असते.

आता सॉफ्टवेअरचं, कारण रोज विचारतात. 'स्पीड वाढवा', 'ड्रायव्हर अपडेट करा' असली फुकट मिळणारी सगळी काढून टाका, तीच मशीन स्लो करतात. अँटिव्हायरस एकच ठेवा, दोन ठेवले की एकमेकांच्याच मागं लागतात. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो मात्र टाका आणि महिन्यातून एकदा उघडा. पिवळं किंवा लाल दिसलं, 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा, वाढत असले, की त्याच दिवशी कॉपी काढा, दुसऱ्या दिवशी नाही. पत्रं आणि हिशेबाचे तक्ते एवढंच काम असेल तर फुकटचं लिबरऑफिस पुरतं, चोरीचं ऑफिस घालून वर व्हायरस घेऊ नका. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा, ते कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका घेऊन लोक येतात, "अक्षरं बिघडली." बिघडत नाहीत हो, ती मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की सोंग उतरतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा चांगली चालणारी मशीन भंगारात घालायला लोक निघाले. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, असेल तर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकून नेट, मेल, पोरांचा अभ्यास आरामात होतो. टॅली असेल तर नको, तिथं विंडोज लागतंच.

आणि नवीन मशीन घेणाऱ्यांनो, विंडोज ११ पुष्कळदा तुम्हाला न विचारता ड्राईव्हला कुलूप लावून ठेवतं. किल्ली म्हणजे ४८ आकडे, आणि ते पडलेले असतात ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्यात. ते अकाउंट दुकानातल्या कुठल्यातरी पोराने काढलेलं असतं. पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. घरी गेल्यावर आधी ते आकडे कागदावर लिहा.

गेल्या महिन्यात विश्रामबागेतून एक पोरगा आला, तोच ॲक्टिव्हावाला, आता मिशी आलेली. हातात एका वकिलांचा लॅपटॉप. एसएसडी, फॉरमॅट मारून झालेला, डेस्कटॉपवर सहा वर्षांची कामं. "दादांनी विचारलंय, तुमच्याकडं निघतंय का." मी तासभर सगळं चालवून बघितलं, आतून शून्यं सोडून काही येईना. जुन्या हार्डडिस्कवर फॉरमॅटनंतरही माल जागेवर असायचा. एसएसडीला विंडोज सांगून टाकतं की ही जागा मोकळी झाली, आणि ती स्वतःच्या हाताने आतून पुसून काढते. तिथं फोटोरेकही नाही आणि तीन रात्रीही नाहीत.

पोराला तसं सांगितलं. पावती केली : तपासणी, एक दिवस, ५००. त्याने फोन लावला, बाजूला जाऊन बोलला, आणि पैसे दिले.