जेम-सिस घेताना: केमोइतकंच लक्ष स्टेंटवर

सासऱ्यांच्या पित्तनलिकेतली गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली होती, म्हणून डॉक्टरांनी जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोची जोडी सुरू केली. डे-केअरमध्ये हिला सरळ ‘जेम-सिस’ म्हणतात. 21 दिवसांची सायकल. पहिल्या आणि आठव्या दिवशी औषध, मग सुट्टी. ब्रिटनमधल्या एबीसी-02 चाचणीत (2010) एकट्या जेमसिटाबिनवर निम्म्या रुग्णांनी 8.1 महिने ओलांडले होते, जोडीवर 11.7. फरक थोडा वाटतो, पण त्यावरूनच ही जोडी रूढ झाली. आता तिच्यासोबत ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषधही देतात. खर्च मोठा असतो, तेव्हा त्याचं आधीच विचारून घ्यावं.

केमोच्या आधी कावीळ उतरावी लागते. ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून) स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी, बसल्यावर बिलिरुबिन (काविळीचा रक्तातला आकडा) खाली येईपर्यंत थांबवतात. घरचे कासावीस होतात, पण ही घाई उपयोगाची नाही.

डोस उंची-वजनावर ठरतो: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला सिस्प्लॅटिन 25 मिलिग्रॅम, जेमसिटाबिन 1000. म्हणजे 1.6 चौरस मीटरला 40 आणि 1600. वजन उतरत असेल तर जुन्याच आकड्यावर औषध बनत नाही ना, हे बघा. आधी सिस्प्लॅटिन, सोबत पोटॅशियम-मॅग्नेशियम घातलेलं लिटरभर सलाईन, कारण सिस्प्लॅटिन किडनीला त्रास देतं. मग जेमसिटाबिन, अर्ध्या तासात. ते शिरेत जळजळतं आणि पेशंट “सिस्टर, जरा हळू सोडा ना” म्हणतो. हळू सोडणं सोपं वाटतं, पण तासाच्या वर गेलं की रक्तपेशींवर त्याचा मारा वाढतो. आधी सुईपाशी सूज नाही ना, हे सिस्टरना बघू द्या. नसेल तर हातावर गरम शेक. शिरा सापडेनाशा झाल्या की पोर्टचा (औषध सोडायला त्वचेखाली बसवतात त्या डबीचा) विषय काढा.

घोडं अडतं ते बहुधा आठव्या दिवशी. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खाली आल्या की डोस पुढे जातो, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आदल्या दिवशीच करून ठेवलेलं बरं. नाहीतर गाडीभाडं वाया. उलट्यांमुळे पाणी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी फोन करा. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन अशा दुखण्याच्या गोळ्या घरात असल्या तरी द्यायच्या नाहीत, किडनीवर आणखी ताण नको. कानात शिट्टी वाजणं, बोटांना मुंग्या येणं पेशंट आपणहून सांगत नाही, खोदून विचारावं लागतं.

सगळ्यात फसवा ताप. जेमसिटाबिननंतर एक-दोन दिवस अंग मोडून ताप येऊ शकतो, म्हणून क्रोसिन देऊन झोपवायचा मोह होतो. पण 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, त्यात हुडहुडी भरली, लघवी गडद झाली किंवा शौच पांढुरकं झालं, तर स्टेंट तुंबून पित्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना तो काही तासांत जिवावर बेततो. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता स्टेंट बदलण्याची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक्स टोचून घेऊ नका. सिस्प्लॅटिननंतर त्यांचा किडनी आणि कान दोन्हींना धोका असतो. स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा आणि कधी बसवला, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. इमर्जन्सीत हाच प्रश्न आधी येतो, आणि प्लास्टिकचा लवकर तुंबतो.