अजिनोमोटोची धास्ती

आज वाण्याकडे शेजारच्या काकूंनी सुनेच्या हातातलं सूपचं पाकीट काढून परत ठेवलं. "अजिनोमोटो असतं त्यात, विष ते!" फार वाईट वाटलं.

१९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट, म्हणजे पदार्थाला चव आणणारा घटक, वेगळं केलं. अजिनोमोटो म्हणजे त्याचंच मीठ. पिकलेल्या टोमॅटोतही तेच असतं. मग १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र आलं: चिनी हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं. सोया सॉस, वाइन, मीठ, अजिनोमोटो, असे सगळेच नुसते संशय होते हो! बदनाम झालं अजिनोमोटो, आणि चिनी माणसांची हॉटेलंही. २०१८ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने तर अजिनोमोटोवर बंदीच घातली.

काकूंशी उद्या निवांत बोलणार आहे. त्या सुनेसमोरच.