डावा हात

रविवारी दुपारी पिकअपमधून सायकल उतरवली, दुकानात स्टॅण्डला टांगली आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं. पंखा लावायचंही सुचलं नाही. सायकलचा मालक, वय 19, तेव्हा बांबोळीच्या हॉस्पिटलात एक्स-रेसाठी थांबला होता. डावं कॉलरबोन मोडलेलं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत कातडी सोलून निघालेली. त्याच्या बाबांनी फोनवर एकच गोष्ट विचारली होती, "मेस्त्री, ब्रेक फेल झाला का?"

ब्रेक मी बसवला होता.

गोव्यात साखळी गावी माझं सायकलचं दुकान आहे. पोरांच्या तीनचाकीपासून लाखाच्या कार्बनच्या सायकलपर्यंत सगळं येतं. पोट पंक्चरवर चालतं, हौस कार्बनवर. हा पोरगा विठ्ठलापूरचा, घरचे मूळ बेळगावकडचे. मामा बोटीवर नोकरीला आहे. सप्टेंबरात सुट्टीवर येताना त्याने भाच्यासाठी युरोपातून एक वापरलेली पण झकास रोड बाईक खोक्यात घालून आणली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, सगळ्या नळ्या हॅण्डलबारच्या आणि फ्रेमच्या आतून. बाहेर एक वायर दिसेल तर शपथ. ती मी जोडून दिली.

पोरगा वर चढायला बेताचा, पण उताराचं त्याला वेड. ते वेड लावण्यात माझाही हात आहे. जुलैत इथे पाऊस असा असतो की कुणी सायकल बाहेर काढत नाही, आणि नेमकी तेव्हाच फ्रान्समध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत चालू असते. संध्याकाळी दुकानात मोबाइल टेकवून आम्ही चारपाच जण बघत बसायचो. बाकीचे चढावर कोण फुटतो ते बघत. हा म्हणायचा, "दादा, खाली उतरताना दाखवा." 2022 चा पिडकॉकचा गालिबिए घाटाचा उतार त्याने किती वेळा बघितला असेल देव जाणे. पिडकॉक तेव्हा 22 वर्षांचा. उतारावर एकेकाला गाठत पुढे गेला आणि त्याच दिवशी आल्प ड्युएझला जिंकला. त्याच वर्षी मार्चमध्ये मोहोरिचने मिलान-सान रेमोची शर्यत मारली तीही उतारावरच. माउंटन बाईकला असतो तसा खालीवर होणारा सीटपोस्ट रोड बाईकला लावून आला होता. पोज्जिओच्या उतारावर सीट खाली, अंग खाली, आणि मागचे हा गेला कुठे म्हणून बघत राहिले. पोराने लगेच मला विचारलं, तसला सीटपोस्ट केवढ्याला पडेल? मी म्हटलं, आधी ब्रेक मारायला शीक.

एकदा अंजुणे धरणाजवळच्या सरळ रस्त्यावर हे महाशय सीट सोडून पुढच्या दांड्यावर बसले, छाती हॅण्डलवर टेकून. 2016 च्या टूरमध्ये फ्रूमने पेरसूर्दच्या उतारावर असंच बसून वर पेडल मारत 13 सेकंदांनी त्या दिवसाची स्टेज घेतली होती, ते बघून. पिकअप आडवी घालून मी त्याला थांबवलं. ज्यांचा हा धंदा आहे त्यांनासुद्धा 1 एप्रिल 2021 पासून तसं बसायला बंदी आहे; तुला कुणी सांगितलं? दांड्यावर बसलं की वजन पुढे जातं आणि सायकल ताब्यात ठेवायला अंगाशी काहीच उरत नाही. खड्डा आला तर माणूस आपण कुठे जायचं ते ठरवत नाही, खड्डा ठरवतो.

आमच्याकडे घाट म्हणजे चोर्ला नाहीतर मोलेचा अनमोड. अनमोडला ट्रक फार, म्हणून सगळे केरीवरून चोर्ल्याला. तिथेच मी त्याला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पिकअपच्या खिडकीतून ओरडलो. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि सगळा भार त्याच्यावर. हात हॅण्डलच्या खालच्या वाकड्या भागात, दोन बोटं कायम लिव्हरवर. आतल्या हाताने हॅण्डल हलकं ढकल, सायकल आपोआप कलते. आणि डोळे वळण जिथे संपतं तिथे. समोरच्या खड्ड्याकडे बघितलंस तर खड्ड्यातच जाशील.

हिशेब असा की टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. वळायलाही त्यातूनच द्यायचं आणि थांबायलाही त्यातूनच. एखाद्या वळणात 30 च्या जागी 45 ने शिरलात तर वेग दीडपट होतो, पण वळण टायरकडे सव्वादोनपट मागतं. पगार तिथेच संपला. मग ब्रेकला द्यायला काय राहणार? आणि पाऊस, शेवाळ, पानांचा चिखल असला की मुळात पगारच अर्धा.

पोराने हे सगळं घेतलं. खरंच घेतलं, हे मला त्या दुपारी सायकलवरूनच कळलं.

झालं ते असं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. पाच जण पहाटे साखळीहून निघाले, मागे मी पिकअप घेऊन, त्यात दोन चाकं, पंप, पाणी, केळी. वर चढले, चहा झाला, साडेआठला उतरायला लागले. उजेड होता, पण झाडीतला रस्ता दवाने अजून काळा होता. पावसाळ्यात वाहून आलेली खडी वळणांच्या आतल्या कडेला तशीच पडलेली. हा सगळ्यांत पुढे, मागे मी, इतर अजून मागे. एक डावं वळण आलं. हा नीट बाहेरून, रस्त्याच्या मध्याजवळून शिरला. अगदी शिकवल्यासारखा. आणि त्याच क्षणी खालून बेळगावचा भाजीचा टेम्पो, रिकामा परत चाललेला, वळण कापत याच्या बाजूला आला.

मला दिसलं ते एवढंच. सायकल अजून डावीकडे कलली, आणि पुढचं चाक पायाखालून चटई ओढावी तसं निघून गेलं. चाक घसरल्याचा आवाज झाला नाही. प्लॅस्टिकची बादली फरशीवरून ओढल्यासारखा एक लांब खरखराट झाला, बस. पोरगा डाव्या कुशीवर घसरत गेला. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला. टेम्पोचं चाक आणि पोराचं हेल्मेट यांच्यात एक वीतभर डांबर उरलं.

टेम्पोवाला उतरला तो थरथरत. "काय झालं बगा ओ, मी धडकलो न्हाई ओ," एवढंच म्हणत राहिला. नव्हताच धडकला. पोरगा डोळे उघडे ठेवून आकाशाकडे बघत होता. मी त्याला नाव विचारलं, वार विचारला, बोटं हलव म्हटलं. मान हलवू दिली नाही. हेल्मेट मागच्या बाजूला दोन ठिकाणी चिरलं होतं.

हेल्मेट म्हटलं की मला कासार्तेल्ली आठवतो. 1995 ची टूर, पोर्ते दास्पेचा उतार. बार्सिलोना ऑलिम्पिकचा सुवर्णपदकवाला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, पडला आणि गेला. त्यानंतरही आठ वर्षं नियम झाला नाही. 2003 ला पॅरिस-नीस शर्यतीत किविलेव गेला, मग सक्ती आली. आणि हेल्मेट असूनही 2011 ला इटलीच्या जिरो शर्यतीत वेलांट गेला, पास्सो देल बोक्कोच्या उतारावर, वय 26. त्याच्या पाठीवरचा नंबर 108. तो नंबर जिरोवाले आता कुणाला देत नाहीत. चोर्ल्याच्या त्या वळणावर रेंजसाठी मी पंधरा पावलं चढलो, फोनवर एक-शून्य-आठ दाबलं, आणि अंगठा शेवटच्या आकड्यावर थांबला. एखाद सेकंदच. मग लावला. गाडी आली.

तर दुपारी दुकानात.

आधी ब्रेक. दोन्ही लिव्हर घट्ट, तेल कुठे गळलेलं नाही, पॅड जाडजूड. डिस्कवर निळी झाक नाही, म्हणजे तापलेलाही नव्हता. ब्रेक फेल झाला नव्हता, उलट फार छान लागला होता. मग मागचं टायर. मागचं चाक जाम झालं तर टायर एका जागी घासून चपटं होतं, बोटाला लगेच लागतं. गोल फिरवून बघितलं, नखाएवढाही डाग नाही. पुढच्या टायरच्या डाव्या खांद्यावर मात्र रबर खरवडलेलं, त्यात केरीची लाल माती. गियर उजव्या बाजूला असतो, त्याला ओरखडा नाही. डावं पेडलसुद्धा जवळजवळ कोरं. म्हणजे पडताना ते वर होतं. म्हणजे बाहेरचं पेडल खाली होतं, बरोबर. डावं लिव्हर मात्र आत वळलेलं, रबर फाटलेलं.

हॅण्डलवरच्या यंत्रात आकडे होते. वळणाआधी 52, तिथून सरळ रेषेत ब्रेक मारून 38 वर आलेला. त्या वळणाला 38 म्हणजे अगदी शहाण्या माणसाचा वेग. पोराने एक गोष्ट चुकवली नव्हती. मग पुढचं चाक जाम कुणी केलं?

मी स्टॅण्डसमोर उभा राहून डावं लिव्हर हळूच दाबलं. पुढची डिस्क पकडली गेली.

ते मला माहीत होतं. सप्टेंबरपासून माहीत होतं. युरोपात बहुतेक ठिकाणी पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. इंग्लंडात आणि आपल्याकडे उजव्या. मामाने आणलेली सायकल तशी आली होती. बदलायचं तर दोन्ही नळ्या लिव्हरपासून सोडायच्या, आतून उलटसुलट ओवायच्या, तोंडाला नवीन ऑलिव्ह, म्हणजे नळी घट्ट धरणारी कडी, पुन्हा तेल भरून हवा काढायची. दोन तासांचं काम, आणि तेव्हा चतुर्थी तोंडावर. मी पोराला म्हटलं होतं, "डावा पुढचा आहे हां, लक्षात ठेव." तो म्हणाला, "हो दादा." मी पावती फाडली.

लक्षात त्याने ठेवलंच होतं. दोन महिने नीट उतरत होता, कारण विचार करून ब्रेक मारायला वेळ मिळत होता. पण सोळाव्या वर्षापासून स्कूटर चालवलेला मुलगा. साखळीत कुत्रं आडवं आलं, गाय उभी राहिली की डावा हात करकचून आवळायचा. स्कूटरला डावीकडे मागचा ब्रेक. त्याच्या जुन्या सायकललाही तसंच. समोर टेम्पो आला तेव्हा डोक्याला कुणी विचारलंच नाही.

मोठ्या टीमचे मेकॅनिक हे कागदावर लिहून ठेवतात, कुणाला कुठल्या हाताला पुढचा ब्रेक. रेसमध्ये सायकल मोडली आणि सर्वांसाठी असलेल्या मदतगाडीवरची सायकल घ्यावी लागली तर ब्रेक उलटे मिळू शकतात, आणि तशा सायकलवरून त्यांना घाट उतरावा लागतो. हे मला ठाऊक होतं. दुकानात पोरांना मी हे रंगवून सांगत असे.

सोमवारी बांबोळीला गेलो. वॉर्डच्या दारातच बाबा भेटले. मी म्हटलं, "काका, ब्रेक चांगला होता. चूक माझी आहे," आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मामानं आणल्याली तशीच हातात दिलासा व्हय?" हो, म्हटलं. पुढे काही बोलले नाहीत. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

पोरगा उशीला टेकून बसला होता, डावा हात गळ्यातल्या झोळीत. मी विचारलं, टेम्पो दिसला तेव्हा काय केलंस?

"मागचा दाबला दादा. पुढचा वळणात दाबायचा नाही हे मला माहीत आहे ना. मागचाच दाबला."

हे सांगताना झोळीतल्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळली. त्याला ते कळलंही नाही.

त्याला मी तेव्हा काही सांगितलं नाही. आठवड्याने दुकानात आला, तेव्हा सायकल स्टॅण्डवर होती आणि माझ्या हातात तेलाची सिरिंज. बघून म्हणाला, "नळ्या बदलताय?" हो. बराच वेळ गप्प. मग, "म्हणजे मी घाबरलो नव्हतो." मी म्हटलं, घाबरलास तर बिघडत नाही. पिनो नावाचा फ्रेंच रायडर 2013 ला उतारालाच घाबरून मागे पडला होता, लोक हसले. पुढच्या वर्षी टूरमध्ये तिसरा आला. त्यावर तो म्हणाला, पण मी घाबरलो नव्हतोच. बरं बाबा, नव्हतास.

पैसे घेणार नव्हतो. बाबांनी तेलाचे आणि ऑलिव्हचे मोजून दिले, मजुरी दिली नाही. मला ते पटलं. त्या दिवसापासून दुकानात येणारी प्रत्येक सायकल आधी मी स्वतः गल्लीत फिरवतो, आणि गिऱ्हाईक बेसावध असताना "ए, थांब!" म्हणून ओरडतो. कुठला हात आवळतो ते बघायचं. लोकांना मी जरा सटकलेला वाटतो.

फेब्रुवारीत तो पुन्हा चोर्ल्याला आला. वर चहा झाला, उतरायला लागलो. पुढे तो, मागे पिकअप, काच खाली. त्या डाव्या वळणाआधी एक लहान सरळ पट्टा आहे. तिथे, वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्ही डिस्क एकदम किंचाळल्या. झाडीत घुमल्या. मग आवाज थांबला, सायकल कलली आणि दिसेनाशी झाली.

दवाने ओल्या झाल्या होत्या. पॅड एकदा घासून द्यायला हवेत.