झोत किती सेकंदांचा?

जुन्या निगेटिव्ह डिजिटल करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. नागपुरात त्यात येणारा माल ठरलेला असतो: लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, एखाद्या मिल-कामगाराचा निरोपसमारंभ. समुद्र येत नाही. आमचं पाणी म्हणजे अंबाझरी, फार तर फुटाळा. त्यामुळे ऐन मे महिन्यात एक गृहस्थ बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि त्यातून एकामागून एक दीपगृहंच निघायला लागली, तेव्हा आधी मजा वाटली. आता काम संपलंय, बिलही मिळालंय, पण प्रकरण डोक्यातून जात नाही.

त्या गृहस्थांचे वडील दीपगृह खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सगळी किनाऱ्यावर, बिऱ्हाड मात्र नागपुरात. मुलं आजीकडे राहून शिकली. डब्यातल्या निगेटिव्ह वडिलांनीच काढलेल्या, काही सहकाऱ्यांनी. खाऱ्या दमट हवेत बुरशी धरलेली आणि नंतर नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत पार वळून गेलेल्या. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने पुसायची नसते, हे लोकांना किती सांगावं? बुरशी जिलेटीन खाते, मग ते पाण्यात विरघळतं आणि आजोबांचा चेहरा बोळ्याला लागून येतो. तरी ‘जरासं ओल्या फडक्यानं साफ करून आणलंय’ म्हणणारं कुणीतरी येतंच. यांनी हात लावला नव्हता, एवढ्यावरच मी खूश झालो. उन्हाळ्यात या कामाची दुसरी शिक्षा म्हणजे कूलर बंद. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा फिल्मला सोसत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश, आत आम्ही मनगटाला रुमाल बांधून बसलेलो, कारण घामाचा एक थेंब पडला तरी गेलं.

एकाही पाकिटावर नाव नव्हतं. मुलाला नुसता ‘बाबांची नोकरी’ असा अल्बम हवा होता, नावांशी त्याला देणंघेणं नव्हतं. मला नाव नसलेला फोटो चिकटवायला आवडत नाही, म्हणून वाचत बसलो. दीपगृह दिवसा रंगावरून आणि आकारावरून ओळखायचं, रात्री प्रकाशाच्या वेळेवरून. जवळपासच्या दोघांची ओळख सारखी असून चालत नाही, नाहीतर जहाज भलत्याच खडकावर. एका निगेटिव्हमध्ये ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरून माणसं चालत निघाली होती आणि समोर पट्टे रंगवलेला उंच गोल मनोरा. मुंबईच्या दक्षिण टोकाचं प्राँग्स, १८७५ सालचं. तिथले पट्टे लाल, पांढरे आणि काळे. पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल आणि काळा जवळपास एकच होऊन जातात. फाइल ताणून पाहिली तेव्हा कुठे एक गडद पट्टा दुसऱ्यापेक्षा किंचित उजळ निघाला. दुसरं खांदेरीचं, १८६७चं. तो मनोरा अष्टकोनी आहे. तिरप्या उन्हात एक बाजू उजळ, तिला लागून असलेली काळी, आणि मधली कड अगदी स्वच्छ दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याचा तट खाली. ही दोन्ही वडील सुटीत पाहायला गेले असणार, असा माझा कयास. तो पुढे खरा निघाला.

गोल मनोऱ्याचा एक ताप आहे. तो डावा-उजवा उलटा छापला तरी कळत नाही. मुलाने नमुना म्हणून घरच्या हॉलमधला फ्रेम केलेला फोटो आणला होता, वडिलांच्या मुक्कामाच्या दीपगृहाचा, पूर्वी दुसऱ्या एका स्टुडिओत मोठा करून घेतलेला. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजूला इमल्शन, म्हणजे चित्राचा थर. सरळ लावून पाहिलं तर समुद्र भलत्या बाजूला जात होता. मुलाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो वडिलांनाच ऑटोत घालून घेऊन आला.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग फ्रेमकडे. “हो, घरचा उलटा आहे. माहीत आहे मला.”

“मग इतकी वर्षं बोलले काहून नाही, बाबा?”

“तू इतक्या हौसेनं करून आणला होता. कायले बोलू?”

खरी गंमत त्या डब्यातल्या सगळ्यात चांगल्या फोटोवरून झाली. तरुण काका वरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे आहेत आणि मागच्या काचांना आतून सगळीकडे पांढरे पडदे. मुलाचं म्हणणं, ते काचांवरचे कपडे काढून टाका आणि दिवा लागलेला दाखवा. त्याने मोबाईलवर स्वतःच करूनही आणलं होतं: जांभळं आकाश आणि मनोऱ्यातून दोन्हीकडे निघालेले दोन झोत, सिनेमाच्या पोस्टरसारखे. यात त्याची चूक म्हणता येणार नाही. लग्नाच्या अल्बमवाल्यांनी लोकांची नजर अशी करून ठेवलीय की आकाश बदललं नाही तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

काकांनी मोबाईल हातभर लांब धरला. “किती सेकंदांचा आहे हा?”

आम्ही दोघंही गप्प.

मग त्यांनी जे सांगितलं, त्यातलं काही मी वाचलेलं होतं, पण असं नाही. फ्रेनेलचं भिंग, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा बसलेल्या पद्धतीचं, म्हणजे काचेच्या लोलकांची कडी एकाबाहेर एक बसवलेली. आतल्या दिव्याचा चौफेर पसरणारा उजेड गोळा करून ते सरळ समुद्रावर फेकतं. आत रॉकेलच्या वाफेवर पेटणारं मँटल, आपल्या पेट्रोमॅक्सच्या जातीचंच. पण भिंग दोन्हीकडून काम करतं. दिवसा ऊन त्यात शिरलं तर तेच ऊन मधोमध बर्नरवर येऊन पडतं आणि सगळं जाळतं. म्हणून सूर्य वर यायच्या आत पडदे ओढायचे. “तुम्ही ज्याले कपडे म्हणून राहिले, ते विसरलो असतो तर नोकरी गेली असती.”

आणि झोत? भिंगाला चार बाजू असतील तर झोत चार. ते फेरी चाळीस सेकंदांत पुरी करत असेल, तर समुद्रावरच्या माणसाला दर दहा सेकंदांनी एक चमक दिसते. तो घड्याळ धरून मोजतो, जवळच्या यादीत पाहतो, आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. दोनच झोत काढले तर त्याच फेरीत वीस सेकंद. “म्हणजे हे दुसरंच कोणतंतरी लाइट हाऊस झालं. माझं नाही.” भिंग पाऱ्यावर तरंगायचं, इतकं वजनदार असून बोटाने ढकललं तरी फिरायचं, आणि वजनावर चालणाऱ्या यंत्राला रात्रभर उठून उठून चावी द्यावी लागायची. वेळ चुकली की दिव्याची ओळख चुकली.

डब्याच्या तळाशी एक निगेटिव्ह काळी ठिक्कर होती. लाइट टेबलवर तिच्यातून काही दिसेना, म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. काका म्हणाले, ती रात्रीची आहे, शटर बरंच उघडं ठेवून काढलेली. अशा दाट निगेटिव्हला स्कॅनर हात टेकतो. मी मॅक्रो लेन्स लावली, खालचा उजेड पूर्ण वाढवला आणि एकाच फ्रेमचे कमी-जास्त एक्सपोजर घेऊन एकत्र केले. हळूहळू काचांमधल्या लोखंडी पट्ट्या आल्या, कठडा आला, ओलसर चकाकणारी भिंत आली. मधोमध मोठा पांढरा गोळा. झोत एकही नाही. असणारच नाही; शटर उघडं असताना भिंग फिरत राहिलं, उजेड सगळ्या दिशांना सारखा वाटला गेला.

काका म्हणाले, “हा बरोबर आहे.”

मुलगा बराच वेळ पाहत राहिला. “यात तर नुसता डाग आहे, बाबा. तुम्ही सुटीत घरी येऊन सांगायचे ना, तेव्हा मला झोतच दिसायचे. आम्ही कुठं पाहिला तुमचा दिवा?” मुलं कोकणात गेली ती एकदाच, तीही पावसाळ्यात, आणि संध्याकाळच्या आत परत निघावं लागलेलं.

इथे माझी पंचाईत झाली. एरवी मी अशा मागण्या सरळ उडवून लावतो. खरं काढायचं ते कॅमेऱ्याने, बाकीचं पेंटरकडे जा. पण कॅमेऱ्याने काढलेल्या त्या फोटोतही दिव्याची ओळख नव्हतीच. दहा सेकंद कोणत्या कागदावर मावणार? आणि पोराने काढलेले दोन झोत चुकीचे असले तरी ते आले होते वडिलांच्याच गोष्टींतून.

शेवटी तीन प्रिंट केल्या. पडदे ओढलेला फोटो जसाच्या तसा, रात्रीचा डाग, आणि मुलाचा झोतवाला, पण चार झोतांचा. त्यातले समोरून तीनच दिसतात. कोन काकांनी शेजारी बसून लावून घेतले. माझा एक नियम आहे: फोटोत काही घातलं असेल तर मागे तसं लिहायचं. ‘झोत नंतर काढलेले’ असं पेन्सिलने लिहिलं, तर मुलगा नाराज.

“फ्रेम केल्यावर मागचं कोण वाचून राहिलं?” त्याने विचारलं.

काका म्हणाले, “लिहू द्या त्यांना. आणि खाली सेकंद पण लिहा.”