तिसऱ्या कॉइलखालचं पाणी

सकाळी गॅरेज उघडून हातात पाना घेतोय, तोच एक गाडी झटके देत दारात आली. आवाजावरूनच कळलं की चारपैकी एक सिलिंडर बसलाय. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी सांभाळून आणता येते, पण लुकलुकायला लागला की बाजूला घेऊन बंदच करायची. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळण्याइतका तापू शकतो. म्हणून आधी इंजिन बंद करायला लावलं, बोलणं नंतर.

"काका, गाडीचं काही काम केलंत का?"

"काम काही नाही रे. काल संध्याकाळी इंजिन धुतलं, प्रेशर पंपानं. बघ तरी, कसं लख्ख झालंय."

बोनेट उघडलं. खरंच लख्ख होतं. बारा वर्षांची गाडी, आणि टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावर, बोट फिरवलं तर काळा डाग लागत नव्हता. माणसानं जीव ओतून काम केलं होतं, आणि म्हणूनच मला वाईट वाटलं. स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०३. म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नव्हतं.

दहाच्या पान्यानं बोल्ट काढून त्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, वर ओढली, तर रबराच्या टोकातून पाण्याची धार लागली. आत टॉर्च मारली. स्पार्क प्लग एका खोल, अरुंद विहिरीच्या तळाशी बसतो. त्या विहिरीत दोन बोटं पाणी होतं आणि पाण्याखाली प्लगची पांढरी चिनी माती दिसत होती. काकांना वाकून बघायला लावलं. ते बराच वेळ बघत राहिले. वरून कोरडंठाक इंजिन आणि आत हे. कॉइलचं रबर पावसाच्या शिंतोड्यांना पुरतं, पण हातभरावरून मारलेली प्रेशरची धार त्याच्या कडेतून आत शिरते, आणि शिरलेलं पाणी सहसा बाहेर येत नाही.

इथे घाई करून प्लग खोलला तर ते सगळं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. आधी नळी लावलेल्या सिरिंजनं ते ओढून घेतलं, मग हवा मारली, मग तारेला फडकं गुंडाळून तळ पुसला आणि त्यानंतरच प्लगला पाना लावला. कॉइलच्या रबरावर आतल्या बाजूनं केसाएवढी करडी रेघ उमटली होती. ठिणगी प्लगच्या टोकाला जायचं सोडून त्या ओल्या कडेनं विहिरीच्या भिंतीवर उतरत होती. अशी वाट एकदा पडली की रबर सुकवूनही ठिणगी तिकडेच वळते, म्हणून कॉइल बदलली. बाकीच्या तीनही उपसून पाहिल्या, त्या कोरड्या होत्या. एअर फिल्टरचा डबाही उघडला, तोही सुदैवानं कोरडा निघाला. तिथून पाणी सिलिंडरपर्यंत गेलं असतं तर गोष्ट कॉइलवर भागली नसती. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी सुरू झाली, चारही सिलिंडर एका लयीत आले. मी हात पुसत सहज विचारलं, "पण काका, आत्ताच धुवायचं कसं मनात आलं?"

"अरे, सिग्नलला थांबलो की तेल जळल्यासारखा वास यायचा. म्हटलं, घाण साचली असेल."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हे आधी कळायला हवं होतं. तेल जळल्याचा वास म्हणजे कुठून तरी ऑइल गळून गरम एक्झॉस्टवर पडतंय, आणि त्यातून आगही लागू शकते. कुठून गळतंय हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या इंजिनवरची घाण. गळतीच्या जागी धूळ ओली होते, चिकटते, तिचा खाली ओघळ दिसतो. आम्ही त्या ओघळाचा माग काढत वर जातो. काकांनी तो माग साबणानं धुऊन टाकला होता. टॉर्च घेऊन कानाकोपरा शोधला, काही सापडलं नाही. ऑइलची पातळी खुणेपर्यंत भरली आणि म्हटलं, "रोज सकाळी डिपस्टिक बघा, लांब जाऊ नका, धूर दिसला तर जागीच बंद करा. आठ दिवसांनी या. तोवर इंजिनला पाणी लावायचं नाही."

"मग साफ करायचं तरी कसं?"

मी त्यांना शेजारी उभं करून दाखवलं. इंजिन हाताला गार लागलं पाहिजे, कारण काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. मग कोरडा ब्रश. वायपरखालच्या जाळीतली सुकी पानं, उंदरांनी ओढून आणलेल्या चिंध्या हातानं काढायच्या, आग त्यांनाच आधी लागते. तेलकट जागी डिग्रीझर फडक्यावर घ्यायचा, अल्टरनेटर आणि बेल्टवर तो उडू द्यायचा नाही, आणि ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. पेट्रोलनं तर कधीच पुसायचं नाही, त्याची वाफ एका ठिणगीनं पेटते. एवढ्यानं इंजिन शोरूमसारखं दिसत नाही, आणि माझ्या मते दिसायची गरजही नाही.

आठ दिवसांनी काका आले. बोनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर, बोटभर लांबीची ओली रेघ होती, तिच्यावर नवी धूळ बसलेली. ती काकांनीच मला दाखवली. कव्हर काढलं तर पॅकिंग त्या कोपऱ्यात कडक होऊन चिरलं होतं. नवं घातलं, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला आवळत नेले, खाली ओघळलेलं तेल पुसलं आणि गाडी अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवली. काका बोनेटपाशी वाकून वास घेत उभे होते.

"नाही येत," ते म्हणाले.

मीही वाकलो. गरम लोखंडाचा वास तेवढा येत होता.