लिफ्टचा किस्सा

वेल्समधल्या एका मेमरी क्लिनिकमध्ये मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सांगलीत खो-खो खेळले तेवढंच. रग्बी इथल्या पेशंटांनी शिकवलं. विश्वविजेत्या इंग्लंड संघातल्या स्टीव्ह थॉम्पसननं 2020 मध्ये सांगितलं, की 2003 ची वर्ल्ड कप फायनल आपल्याला आठवतच नाही. तेव्हापासून खेळाडूंच्या बायकाच त्यांना आमच्याकडे घेऊन येतात.

हा पेशंट वेल्सकडून खेळलेला प्रॉप. म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत समोरच्यांच्या डोक्यांत डोकं अडकवून रेटणारा. वय 46, चुरगळलेले कान. आमची चाचणी 30 गुणांची: घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, शंभरातून सात-सात वजा करा, पाच शब्द थोड्या वेळानं परत सांगा. 26 किंवा त्याहून जास्त नॉर्मल धरतात. दोन शब्द गेले, तारीख चुकली, 27 मिळाले. मला हायसं वाटलं.

मग गप्पा. निवृत्तीनंतर तो क्लबांच्या जेवणांत भाषणं करतो. दौऱ्यावर हॉटेलच्या लिफ्टमध्ये स्क्रममधले आठही फॉरवर्ड अडकल्याचा किस्सा त्यानं असा रंगवला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो बाथरूमला जाऊन आला, खुर्चीत बसला आणि तोच किस्सा पुन्हा सुरू. तोच शब्द, तीच भुवई, हशाआधी तेवढंच थांबणं. शेजारी बायकोचे ओठ आवाज न करता त्याच्याबरोबर हलत होते. आणि हशाच्या जागी मी पुन्हा हसले.

कॉरिडॉरमध्ये मी माफी मागायला गेले, तर ती म्हणाली, "बरं केलंत. कुणी हसलं नाही की त्याला कळतं." गेल्या महिन्यात तो मुलीला शाळेतून थेट विकलेल्या जुन्या घरी घेऊन गेला होता आणि नव्या मालकाला 'माझ्या घरात काय करतोस' म्हणून भांडला होता.

आमचे डॉक्टर आकड्यांचे भक्त. "27 ना? सहा महिन्यांनी बघू." वारंवारच्या धक्क्यांनी मेंदूला होणाऱ्या सीटीई आजाराचं पक्कं निदान माणूस गेल्यावर, सूक्ष्मदर्शकाखालीच होतं, तोवर आम्ही 'संभाव्य' लिहायचं. पण पाठ केलेल्या बोलण्यामागे माणूस किती लपतो, हे कुठला गुण मोजतो?

फॉर्मवर 'कुटुंबीयांचं म्हणणं' याला दोन ओळींची जागा आहे. भांडण लिहिण्यातच ती संपली. बायकोचे हलणारे ओठ मी कागदाच्या कडेला, उभे लिहिले.